ट्रान्स-चॅनेलिंग, अतींद्रिय प्रयोग आणि रोजची स्वयंसूचना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रान्स-चॅनेलिंग म्हणजे नेमके काय?

माणसाचे नेहमीचे भान बाजूला सरते आणि त्याच्या तोंडून किंवा त्याच्या हातातल्या लेखणीतून, स्वतःला वेगळे नाव सांगणारे कोणीतरी बोलू लागते, या प्रकाराला ट्रान्स-चॅनेलिंग म्हणतात. ज्याच्या देहातून हे घडते त्याला माध्यम म्हणण्याचा प्रघात आहे. भान किती सरते याला पायऱ्या असतात. काहींना शुद्धीवर आल्यावर एक शब्दही आठवत नाही. काहींना आपलाच आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा ऐकू येत राहतो आणि आपण मधे बोलू नये इतकेच त्यांना कळत असते. ध्यानात साधक लक्ष एका ठिकाणी धरून ठेवतो, संमोहनात दुसऱ्याच्या सूचनेने ते एकवटते, तर चॅनेलिंगमध्ये एकवटलेले लक्ष एका ‘दुसऱ्या’ व्यक्तिमत्त्वाच्या स्वाधीन केले जाते. या तिन्ही अवस्थांच्या सीमा मात्र वाटतात तितक्या पक्क्या नाहीत.

या विषयात कोणाची नावे माहीत असावीत?

बोस्टनच्या लिओनोरा पायपर, केंटकीत जन्मलेले एडगर केसी आणि न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावच्या जेन रॉबर्ट्स ही तीन नावे पुरेशी आहेत, कारण तिघांच्याही बैठकींची तपशीलवार टिपणे त्या त्या वेळी घेतली गेली. पायपर यांचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८५ मध्ये सुरू केला. केसी (१८७७–१९४५) डोळे मिटून पडून राहत आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देत. एक लघुलेखिका ती उतरवून घेई आणि अशी १४,००० हून अधिक टिपणे जतन झाली आहेत. जेन रॉबर्ट्स (१९२९–१९८४) यांनी १९६३ च्या अखेरीस पतीसोबत प्लँचेटचा प्रयोग म्हणून जे सुरू केले, त्यातून ‘सेथ’ नावाने बोलणारे व्यक्तिमत्त्व पुढे आले आणि ते जवळजवळ वीस वर्षे टिकले. सेथ बोलू लागण्याच्या बेताला त्या डोळ्यांवरचा चष्मा काढून ठेवत, मग आवाज जाड होई आणि समोर बसलेले पती स्वतःच्या लघुलिपीत, वेळेची नोंद करत, सगळे लिहून घेत. हा चष्म्याचा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. ट्रान्समध्ये जाण्यापूर्वी बहुतेक माध्यमांची अशी एखादी छोटी, ठरलेली कृती असते आणि शरीराला ‘आता अवस्था बदलायची’ हे तीच सांगते. पुढे स्वयंसूचनेचा, म्हणजे ठरलेले वाक्य स्वतःशीच पुन्हा पुन्हा म्हणण्याचा, विचार करताना हाच मुद्दा पुन्हा येईल.

बोलणारा आवाज खरोखर दुसऱ्या कोणाचा असतो का?

या प्रश्नाचा सर्वांत कसून केलेला शोध जिनिव्हाच्या थिओडोर फ्लूर्नोआ या मानसशास्त्रज्ञाचा आहे. १८९० च्या दशकात त्यांनी ‘हेलेन स्मिथ’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या माध्यमाच्या बैठकी पाच-सहा वर्षे पाहिल्या आणि त्यांवरचे त्यांचे पुस्तक १९०० च्या सुमारास प्रसिद्ध झाले. ही स्त्री एका दुकानात नोकरी करी आणि बैठकींसाठी पैसे घेत नसे. ट्रान्समध्ये ती मंगळावरची भाषा बोले आणि तिची लिपीही लिहून दाखवी. फ्लूर्नोआ यांनी ती भाषा तपासली, तेव्हा शब्द नवे असले तरी वाक्यरचना थेट फ्रेंच असल्याचे आढळले. माध्यमाची मातृभाषा फ्रेंचच होती.

मराठी वाचकाला त्याहून जवळचा वाटेल असा भाग पुढे आहे. हीच स्त्री ट्रान्समध्ये पंधराव्या शतकातली एक हिंदू राजकन्या होई, आपला पती कानडा प्रांतातला राजा असल्याचे सांगे आणि १४०१ साली त्याने चंद्रगिरीचा किल्ला बांधला असे म्हणे. ती जे ‘संस्कृत’ बोले, ते प्रसिद्ध भाषाशास्त्रज्ञ फर्दिनां द सोस्यूर यांनी तपासले. त्यांत काही अक्षरसमूह खरोखर संस्कृत निघाले, पण अर्थपूर्ण वाक्ये तयार होत नव्हती. फ्लूर्नोआ यांनी किल्ल्याचा तपशील शोधत शोधत जिनिव्हाच्या ग्रंथालयातला भारताचा एक जुना फ्रेंच इतिहास गाठला, आणि राजाचे नाव, किल्ला व साल हे सारे त्यात जसेच्या तसे सापडले. कधीतरी नजरेखालून गेलेला मजकूर जागेपणी पूर्ण विसरला जातो आणि ट्रान्समध्ये तो स्वतःचा अनुभव म्हणून वर येतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्या स्त्रीला त्यांनी लबाड म्हटले नाही. सुप्त मनाची निर्मितीक्षमता किती अफाट असू शकते, हे त्यांना दिसले होते आणि मलाही या सगळ्या प्रकरणात आदराने पाहावीशी वाटते ती हीच गोष्ट.

पायपर यांचे प्रकरण इतके सरळ सुटत नाही. त्यांच्या तोंडून बोलणारा ‘डॉक्टर फिनुई’ स्वतःला फ्रेंच म्हणवी, परंतु त्याला फ्रेंच जेमतेमच येई आणि त्या नावाचा डॉक्टर होऊन गेल्याचा पुरावा मिळाला नाही. तरीही आलेल्या लोकांच्या घरगुती गोष्टी तो अनेकदा बिनचूक सांगे. अतींद्रिय अनुभवांचे संशोधक रिचर्ड हॉजसन यांनी पायपर यांच्यावर गुप्त पाळत ठेवण्यासाठी माणसे नेमली, पण त्या कोणाकडून माहिती गोळा करताना आढळल्या नाहीत. सगळे कावळे काळे नसतात हे सिद्ध करायला एक पांढरा कावळा पुरतो आणि माझा पांढरा कावळा म्हणजे पायपर, अशा आशयाचे विधान जेम्स यांनी १८९६ मध्ये केले. पायपर यांना ट्रान्समध्ये असे ज्ञान होते हे त्यांनी मान्य केले, पण ते मृतात्म्याकडूनच आले असे मानायला ते तयार झाले नाहीत. ज्या नावाने आवाज बोलतो ते नाव खोटे ठरले तरी सांगितलेली गोष्ट वेगळी तपासावी लागते, आणि गोष्ट खरी निघाली म्हणून नाव आपोआप खरे ठरत नाही. या दोन चौकशा वेगवेगळ्या ठेवाव्यात.

मग सगळी माध्यमे ढोंगी असतात का?

नाही. ढोंग भरपूर झाले आहे आणि १८४८ मध्ये ज्यांच्यापासून आधुनिक प्रेतविद्येची लाट सुरू झाली त्या फॉक्स भगिनींपैकी मार्गारेट हिने १८८८ मध्ये, ‘ठकठक’ आवाज आपण पायाच्या बोटांचे सांधे वाजवून काढत होतो, असे जाहीर सभेत करून दाखवले होते. पुढच्याच वर्षी तिने तो कबुलीजबाब मागे घेतला. परंतु फसवणारा आणि स्वतःच भारावलेला यांत फरक आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्राझीलमधल्या, ट्रान्समध्ये लिहिणाऱ्या दहा माध्यमांच्या मेंदूतला रक्तप्रवाह तपासला गेला. अनुभवी माध्यमांमध्ये ट्रान्सच्या काळात नियोजनाशी आणि भाषेशी निगडित भागांची क्रिया नेहमीच्या लेखनापेक्षा मंदावलेली होती, तरी उतरलेला मजकूर अधिक गुंतागुंतीचा होता. नमुना लहान आहे आणि त्यावरून मजकूर कुठून येतो ते ठरत नाही. अवस्था मात्र निव्वळ अभिनयाची नाही, असे म्हणायला तो आधार देतो.

प्लँचेट किंवा लोलक आपोआप कसा हलतो?

हे स्वतःच्या हाताने पाहावे. वीतभर दोऱ्याला एखादे जड बटण बांधा, कोपर टेबलावर टेकवा आणि कागदावर काढलेल्या वर्तुळाच्या मध्यावर ते धरा. हात हलवायचा नाही, फक्त बटण पुढे-मागे झोके घेत आहे असे डोळ्यांसमोर आणायचे. अर्ध्या-एक मिनिटात ते थरथरते, मग रेषा धरते. आता मनात गोल फिरण्याचे चित्र आणा. रेषा आधी लंबगोल होते आणि मग वर्तुळ. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा माझी बोटे स्थिर आहेत याची मी शपथ घेतली असती. बोटांची हालचाल इतकी सूक्ष्म असते की करणाऱ्याला ती जाणवत नाही. केवळ कल्पनेने स्नायूंत घडणाऱ्या या हालचालीचे वर्णन विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ मध्ये केले.

पुढच्याच वर्षी मायकेल फॅरडे यांनी ‘फिरणारी टेबले’, म्हणजे भोवती बसलेल्यांनी हात टेकवले की आपोआप फिरतात असे मानली जाणारी टेबले, तपासली. त्यांनी बसणाऱ्यांचे हात आणि टेबल यांच्यामध्ये मऊ चिकट पदार्थाने जोडलेले पुठ्ठ्याचे थर ठेवले. टेबलाने हात ओढले असते तर खालचे थर आधी सरकायला हवे होते, प्रत्यक्षात वरचे सरकले. मग त्यांनी हाताचा दाब दाखवणारा एक काटा बसवला आणि तो काटा बसणाऱ्यांना दिसू लागताच टेबल फिरायचे थांबले. माझ्या मते या प्रयोगाचे खरे मोल पुढेच सुरू होते, कारण आपल्या नकळत आपलाच हात शब्द लिहू शकतो हे एकदा पटले की त्या शब्दांत आपल्याच मनाचे काय दडले होते, हा विचार सुरू होतो.

प्रयोगशाळांमध्ये आजवर काय आढळले?

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जोसेफ बँक्स राईन यांनी १९३० च्या दशकात न पाहिलेले पत्ते ओळखण्याचे प्रयोग केले. वर्तुळ, अधिकचिन्ह, लाटा, चौकोन आणि तारा अशा पाच चिन्हांचे प्रत्येकी पाच, म्हणजे एकूण २५ पत्ते असत आणि निव्वळ योगायोगाने सरासरी पाच ओळखले जाणे अपेक्षित असे. राईन यांचे १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे थक्क करणारे होते, मात्र पत्ते झाकण्याची, पिसण्याची आणि नोंदीची शिस्त जसजशी कडक होत गेली तसतसे इतरत्र ते आकडे दिसेनासे झाले.

१९७० च्या दशकात वेगळी पद्धत आली. डोळ्यांवर पिंगपाँगच्या चेंडूची अर्धुके, समोर लाल प्रकाश आणि कानांत सारखा एकसुरी आवाज, अशा अवस्थेत बसलेल्या माणसाने दूरच्या खोलीत कोणते चित्र पाहिले जात आहे ते चारांतून ओळखायचे. योगायोगाची अपेक्षा २५ टक्के असताना समर्थकांनी एकत्रित आकडा ३२ टक्क्यांच्या आसपास असल्याचे सांगितले. टीकाकार रे हायमन आणि समर्थक चार्ल्स होनॉर्टन यांनी १९८६ मध्ये संयुक्त निवेदन काढून पुढच्या प्रयोगांचे नियम एकत्र ठरवले. वादातल्या दोन बाजूंनी असे एकत्र बसणे विज्ञानात फार वेळा घडत नाही आणि म्हणून मला ते निवेदन निकालांइतकेच मोलाचे वाटते.

अमेरिकी सरकारने १९७२ पासून दूरदर्शित्वाच्या, म्हणजे दूरची जागा मनाने पाहण्याच्या, प्रयोगांवर सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले. १९९५ मध्ये त्याचे मूल्यमापन झाले. संख्याशास्त्रज्ञ जेसिका उट्स यांनी परिणाम सिद्ध झाल्याचे म्हटले आणि हायमन यांनी ते नाकारले, पण हेरगिरीच्या कामात या माहितीचा उपयोग झाला नाही असे ठरून कार्यक्रम बंद पडला. २०११ मध्ये डॅरिल बेम यांनी हजारांहून अधिक व्यक्तींवरचे नऊ प्रयोग प्रसिद्ध करून भविष्यातल्या घटनेची चाहूल आधी लागते असा दावा केला. पुढच्या वर्षी तिघा संशोधकांनी त्यांतला एक प्रयोग स्वतंत्रपणे तीनदा करून पाहिला आणि तिन्ही वेळा काही हाती लागले नाही. आजची स्थिती अशी आहे की कोणालाही, कुठेही, हवा तेव्हा करून दाखवता येईल असा एकही अतींद्रिय प्रयोग उपलब्ध नाही.

घरी प्रामाणिकपणे प्रयोग करता येईल का?

जरूर करावा, पण शिस्तीने. वर सांगितले तसे २५ पत्ते तयार करा. पत्ते पिसणाऱ्याने दुसऱ्या खोलीत बसावे, त्याचा चेहरा दिसू नये आणि आवाज ऐकू येऊ नये. ओळखणाऱ्याने सर्व २५ उत्तरे लिहून पूर्ण केल्यावरच ती ताडून पाहावीत, कारण मध्येच ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ कळत गेले तर कोणती चिन्हे उरली याचा अंदाज बांधता येतो. किती डाव खेळायचे ते आधीच लिहून ठेवा. गुण चांगले आले की थांबायचे आणि वाईट आले की आणखी खेळायचे, ही स्वतःची सर्वांत सोपी फसवणूक आहे.

आकडा वाचतानाही संयम हवा. एका डावात आठ बरोबर आले की मन उसळते, मात्र निव्वळ योगायोगानेसुद्धा साधारण दर नऊ-दहा डावांत एकदा आठ किंवा अधिक येतातच. माझ्या वहीत एका संध्याकाळी अकरा बरोबर आल्याची नोंद आहे, शेजारी दोन रेघांची खूण आहे आणि त्यापुढच्या पानांवर चार, पाच, सहा, तीन, पाच असे आकडे आहेत. ती अकराची नोंद मी फाडून टाकली नाही आणि तिला चौकट करून भिंतीवरही लावली नाही.

रोजची सूचना, म्हणजे स्वयंसूचना, ही कल्पना कोठून आली?

फ्रान्समधले औषधविक्रेते एमिल कुए (१८५७–१९२६) यांच्याकडून ती लोकांपर्यंत पोहोचली. औषध देताना त्याची स्तुती केली की गुण अधिक येतो, असे त्यांच्या लक्षात आले होते. नान्सी शहरात ते विनामूल्य बैठकी घेत. ‘दिवसेंदिवस, सर्व बाजूंनी, मी अधिकाधिक बरा होत आहे’ या अर्थाचे एक वाक्य त्यांनी दिले आणि ते झोपण्यापूर्वी व उठल्याबरोबर वीस वेळा, ओठ हलवत, जोर न लावता म्हणायला सांगितले. मोजण्यात लक्ष जाऊ नये म्हणून वीस गाठी मारलेली दोरी बोटांतून सरकवत न्यायची. अशी दोरी हाती धरली की युक्ती लगेच समजते: बोटे मोजत राहतात, त्यामुळे मन मोकळे राहते, आणि सातव्या-आठव्या गाठीपर्यंत वाक्याचा अर्थ तपासून पाहण्याची खोड सुटते. माध्यमांबद्दल वर सांगितलेली छोटी, ठरलेली कृती ती हीच.

‘जोर न लावता’ हा कुए यांचा आग्रह वरवरचा नव्हता. जमिनीवर ठेवलेल्या फळीवरून कोणीही चालतो. तीच फळी दोन उंच मनोऱ्यांमध्ये ठेवली की पडण्याची कल्पना इच्छेवर मात करते, असे ते सांगत. झोप यावी म्हणून जितकी धडपड करावी तितकी ती दूर पळते, हा तर सर्वांचाच अनुभव आहे.

सूचनेचे वाक्य कसे असावे?

येथे सर्वाधिक चुका होतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मनाला मुळीच न पटणारे मोठे वाक्य घेऊ नये. २००९ मध्ये जोअॅन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की स्वतःबद्दल आधीच हीन भावना असलेल्या व्यक्तींनी ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हटले, तर ते न म्हणणाऱ्या तशाच व्यक्तींपेक्षा त्यांना अधिक वाईट वाटले. प्रत्येक वेळी आतून कोणीतरी ‘खोटे’ म्हणत असेल, तर वीस वेळा म्हटलेले वाक्य वीस वेळा खोटे ठरते.

म्हणून वाक्य लहान, आजच्या आवाक्यातले आणि शक्यतो कृतीला जोडलेले असावे. पीटर गोल्विट्झर यांनी मांडलेली ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ ही रचना फार उपयोगी आहे आणि २००६ मध्ये ९४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला असता तिचा परिणाम मध्यम ते मोठा आढळला. ‘मी शांत आहे’ या वाक्यापेक्षा ‘आवाज चढू लागला की मी एक श्वास पूर्ण सोडीन’ हे वाक्य माझ्या अनुभवाला अधिक उतरले, कारण दिवसभरात ते खरे करून दाखवण्याची संधी मिळते. शरीर सैल करायचे असेल तर योहान्नेस शुल्ट्झ यांनी १९३२ मध्ये मांडलेली पद्धत वापरावी. ‘माझा उजवा हात जड झाला आहे’ असे मनाशी म्हणत राहिले की काही आठवड्यांच्या सरावाने तो खरोखर जड व पुढे उबदार वाटू लागतो.

झोपण्यापूर्वीची वेळच का निवडतात?

जाग आणि झोप यांच्या सीमेवर शरीर सैल असते आणि उलटतपासणीची सवय मंदावलेली असते, म्हणून वाक्य निमूट आत जाते. ‘उद्या उठल्यावर मला स्वप्न आठवेल’ ही सूचना नवशिक्याने पहिली घ्यावी, कारण तिचे फळ सकाळी लगेच तपासता येते. उठल्यावर कूस न बदलता पडून राहावे आणि एखादा तुकडा जरी हाती लागला तरी तो आधी लिहावा.

सूचनेने आजार बरा होतो का?

वेदना, मळमळ, थकवा, झोप, ताण अशा जाणवणाऱ्या त्रासांत अपेक्षेचा वाटा मोठा असतो. टेड कॅप्चुक यांच्या २०१० मधल्या अभ्यासात आयबीएस, म्हणजे पोटदुखी व शौचाच्या तक्रारी घडवणारा आतड्याचा विकार, असलेल्या ८० रुग्णांपैकी एका गटाला ‘या गोळ्यांत औषध नाही’ असे स्पष्ट सांगून गोळ्या दिल्या गेल्या आणि तीन आठवड्यांनी गोळ्या न मिळालेल्या गटापेक्षा त्यांना अधिक आराम वाटला. पण गाठ विरघळणे, जंतुसंसर्ग जाणे किंवा इन्सुलिनची गरज संपणे ही कामे सूचना करत नाही. चालू औषध सूचनेच्या भरवशावर बंद करू नये. बरा न झालेला माणूस ‘माझाच विश्वास कमी पडला’ असे स्वतःला दोष देऊ लागला, तर ते दुखण्यावर आणखी एक दुखणे लादणे आहे.

ट्रान्सचा सराव कोणी टाळावा?

ज्यांना पूर्वी मनोविकृतीचा झटका, अपस्मार किंवा भान हरपण्याचा त्रास झाला आहे, किंवा जे ताज्या दुःखातून जात आहेत, त्यांनी टाळावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या आजार-वर्गीकरणात ट्रान्सचा विकार स्वतंत्रपणे नोंदला आहे आणि त्याची खूण अशी की ती अवस्था इच्छेविरुद्ध येते, पुन्हा पुन्हा येते आणि जगणे विस्कळीत करते. आवाज आपण बोलावला नसताना येऊ लागला, आज्ञा देऊ लागला किंवा थांबवला तरी थांबेना, तर त्याच दिवशी सराव बंद करून मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे.

माध्यमाने दिलेला सल्ला पाळावा का?

तोच सल्ला शेजारच्या शहाण्या माणसाने दिला असता तर पाळला असता का, एवढे पाहावे. पैसा, उपचार, लग्न आणि नातेसंबंध तोडणे याबाबतचा कोणताही निर्णय केवळ त्या आवाजावरून घेऊ नये. भीती घालून पुढच्या बैठकीला बोलावणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये.

नोंदवही कशी ठेवावी आणि किती दिवस?

पानाला चार रकाने पुरतात: तारीख व वेळ, म्हटलेले वाक्य किंवा केलेला प्रयोग, घडण्यापूर्वी लिहिलेली अपेक्षा आणि प्रत्यक्ष काय झाले. तिसरा रकाना निकाल कळण्याआधीच, शाईने भरावा. आठवण नंतर अपेक्षेशी जुळवून घेते आणि पेन्सिलीने लिहिलेले खोडण्याचा मोह होतो. एका वाक्यावर किमान सहा आठवडे राहावे आणि रविवारी फक्त वाचन करावे, नवे काही लिहू नये. माझ्या पहिल्या वहीत दुसरा आणि चौथा रकाना भरगच्च आहे, तिसरा मात्र मार्च महिन्यापर्यंत जवळजवळ कोरा आहे, आणि त्या तीन महिन्यांतल्या एकाही ‘खऱ्या ठरलेल्या’ पूर्वसूचनेचा मला आज काहीही उपयोग करता येत नाही.